तीस सेकंद

वडगावात, विणकर सोसायटीच्या माडीवर,
खाली चौदा माग धडधडत असताना
आम्ही तिघं ठरवत होतो
दुसऱ्यांच्या संगणकात
आधीपासून काय असावं ते.

नऊ जुनी यंत्रं, उद्यमबागेतल्या फौंड्रीनं काढून टाकलेली,
कळांच्या फटींत अजून काळी रेती.
प्रणाली मोकळी, कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी अशी.
पण पेनड्राइव्ह चार जीबीचा.

लिहायला दोन प्रोग्राम होते, ठेवायचा एक.
मी थोरल्याच्या बाजूची: समास, तळटीपा, अनुक्रमणिका.
लुमाण्णा नावगेकर धाकट्याचा: उघडला की नुसतं पांढरं.
"सोसायटीची नोटीस लिवायला
तळटीप लागूलालीय व्हय?"
मी हरले.

टपालाचा गेला. हवामानाचा गेला,
कारण जुन्या नावानं त्याला आमचं गाव सापडेना,
नव्या नावानं सापडलं, पण तिथं लख्ख ऊन
आणि इथं खिडकीतून शितोडे थेट वायरींवर.
पत्त्यांचा खेळ काढला.
लुमाण्णाचं तोंड बघून परत घातला.
हिशेबाच्या कोष्टकावर मी काट मारली होती,
खाली मुनीम आहे, त्याच्याकडे लाल वही आहे.
शिवलीला हिरेमठनं
न बोलता माझी काट खोडली.

पुढं ज्याचं त्याला बदलता येतंच की,
असं आम्ही एकमेकांना सांगत होतो,
आणि तिघांच्याही फोनची घंटी
दुकानातून आली तीच होती.
एक वाजला की तिघांचे हात खिशाकडे.

मग भाषेचा पडदा आला.
मराठी. कन्नड. एक निवडा.
खाली बारीक अक्षरात:
तीस सेकंदांत उत्तर न आल्यास
पहिली धरली जाईल.

पहिली कुठली?
शिवलीला म्हणाली, क म च्या आधी येतो.
लुमाण्णा म्हणाला, माडी कुणाची आहे?
म्हणाले दोघंही हसूनच,
पण चहा आला तो कुणी ओतला नाही.
मला आठवली आमच्या गल्लीच्या तोंडावरची पाटी,
एकावर एक इतके रंग चढलेले
की पत्रा जाड झालाय.
तीस, एकोणतीस, अठ्ठावीस.
आकडे आमच्याकडे न बघता उतरत होते.

शिवलीलानं तो आकडाच काढून टाकला.
फाइलीतली एक ओळ. तिच्या डोक्याला
गोड तेलाचा वास, बोटांना घाई नाही.
आता यंत्र थांबेल, म्हणाली.
किती वेळ?
कुणी येईपर्यंत.

त्या रात्री तीनदा वीज गेली, तीनदा आली.
सकाळी कुलूप उघडलं तर
नऊच्या नऊ पडद्यांवर दोन शब्द, शेजारी शेजारी,
कुणाला काही न विचारता कुठं गेलेले नव्हते.

पहिली आली नीलव्वा बुचडी.
पदराला हात पुसले, खुर्चीच्या कडेवर बसली.
कुठली कळ दाबली ते मला दिसलं नाही,
मधे शिवलीलाचं डोकं होतं.
लिहायचं तिनं उघडलंच नाही.
पत्त्यांवरून पुढं गेली.
कोष्टकात शिरली, आणि आकडा न घालता
एक घर रंगवलं. मग त्याच्या खालचं.
एक घर, एक धागा.
तासाभरात डावीकडून उतरत आला
रुईफुलांचा काठ,
तिच्या सासूनं आलेखाच्या कागदावर
पेन्सिलीनं ठेवलेला असतो तसा,
फक्त चुकलं तर खोडायला थुंकी लागत नव्हती.

मुनीम वर येऊन बघून गेला.
माझी ती काट आठवून
मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.
मागं नीलव्वा म्हणत होती,
"हा पिवळा न्हवं वो.
करडईचं फूल सुकलं की हुतोय, त्यो."
आणि लुमाण्णा चष्मा कपाळावर ढकलून
रंगांची यादी खाली खाली सरकवत,
"थांब की, बगूलालोय."